बाहेरचा गिलावा: कडक मालाने भिंत वाचत नाही

घर बांधायला काढलेला माणूस गवंड्याला एक सूचना हमखास देतो: "बाहेरून माल कडक मारा, सिमेंटला हात आखडू नका." भीती खरी असते. कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर भिंत चार महिने भिजत राहते. नैऋत्येकडून येणारा पाऊस नुसता वरून पडत नाही, दक्षिण आणि पश्चिम अंगाच्या भिंतींवर आडवा आदळतो. तेव्हा जास्त सिमेंट म्हणजे जास्त संरक्षण, असं वाटणं साहजिकच आहे. पण बाहेरच्या गिलाव्याला हा हिशोब लागू पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत ज्या भिंतींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात, बोटाच्या पेरानं वाजवलं की ज्या पोकळ बोलतात, त्यातल्या बऱ्याच भिंतींवर सिमेंट कमी पडलेलं नसतं. जास्त झालेलं असतं.

कारण सरळ आहे. सिमेंटचा माल, म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी यांचं मिश्रण, वाळताना आकसतो. सिमेंट जितकं जास्त, वाळू जितकी बारीक आणि पाणी जितकं सढळ, तितका तो अधिक आकसतो. मागची भिंत मात्र जागची हलत नाही. एक थर आकसू पाहतोय आणि दुसरा त्याला धरून ठेवतोय, अशी ओढाताण सुरू होते. थर बेताच्या ताकदीचा असेल तर हा ताण पुष्कळ बारीक, केसाएवढ्या भेगांत वाटला जातो. त्या डोळ्यांना दिसतही नाहीत आणि पाणीही फारसं आत घेत नाहीत. थर फार कडक असेल तर मोजक्या पण रुंद भेगा पडतात, नाहीतर तो थर भिंतीपासूनच सुटतो. मग भेगेतून शिरलेलं पाणी त्या घट्ट थरामागे अडकतं. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते घराच्या आत ओल म्हणून उगवतं.

यातून जो नियम निघतो तो गिलाव्याच्या सगळ्या कामाचा पाया आहे: बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा कधीही जास्त कडक नसावा, आणि आतला थर भिंतीपेक्षा कडक नसावा. भिंत कशाची आहे ते आधी, मालाचं प्रमाण नंतर.

सरकारी दरसूची काय सांगते

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत 'सँड फेस्ड प्लास्टर' नावाची एक बाब आहे. राज्यातल्या शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या यांच्या बाहेरच्या भिंती वर्षानुवर्षं याच बाबीखाली गिलावल्या गेल्या आहेत. त्यातली वाक्यं रुक्ष आहेत, पण नीट वाचली तर अर्धं शास्त्र त्यांतच आहे. आधी १५ मिलिमीटर जाडीचा पहिला थर, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. त्यात सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे एक किलो वॉटरप्रूफिंग कंपाउंड. या थराचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवायचा आणि त्यावर किमान दोन दिवस पाणी मारायचं. मग ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर, तोही १:४. वाळूचे कण उघडे पडतील अशा रीतीनं त्याचं फिनिशिंग करायचं आणि त्याला चौदा दिवस पाणी द्यायचं.

दुसरा थर पहिल्यापेक्षा पातळ आहे आणि त्याचं प्रमाण पहिल्याहून कडक नाही, हे इथे पाहायचं. काही ठेकेदार "वरचा हात जरा तेज मारू" म्हणून दुसरा थर १:३ करतात. मालकाला बरं वाटतं, म्हणून कोणी बोलत नाही. माझ्या मते तो १:४ पेक्षा कडक असूच नये. वाळू चांगली असेल तर १:५ सुद्धा चालतो.

दोन थर का, एकच जाड का नाही? एकदम बावीस-पंचवीस मिलिमीटर माल मारला तर तो स्वतःच्या वजनानं खाली सरकतो, लोंबतो, आणि आकसण्याचा सगळा ताण एकाच वेळी येतो. दोन हातांत केलं तर पहिला थर आकसून, भेगाळून मोकळा होतो. दुसरा त्या भेगा झाकतो. दोघांच्या भेगा एकावर एक येत नाहीत, त्यामुळे पाण्याला सरळ वाट सापडत नाही. म्हणूनच "सकाळी पहिला हात, संध्याकाळी दुसरा" ही घाई दोन थरांचा फायदा घालवून बसते.

वाळू: जिथे खरं पाणी मुरतं

सिमेंट कोणत्या कंपनीचं यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्सा वाळूवर होत नाही. वास्तविक गिलाव्यात पाचातले चार भाग वाळूच असते.

गिलाव्याची वाळू चाळलेली हवी, पण पिठासारखी नको. तिच्यात जाड-मध्यम-बारीक असे सगळे कण असायला हवेत. मोठ्या कणांमधल्या पोकळ्या बारीक कण भरतात आणि उरलेली जागा सिमेंट भरतं. सगळी वाळू एकसारखी बारीक असेल तर पोकळ्या वाढतात, पाणी जास्त लागतं आणि आकसणं वाढतं. प्लास्टरसाठीच्या वाळूचं भारतीय मानक, आयएस १५४२, त्यात माती आणि गाळाचं प्रमाण वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

ही परीक्षा घरच्या घरी जमते. काचेच्या सरळ बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास हात न लावता ठेवा. वाळू खाली बसते, तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा तो जाड असेल तर गाडी परत पाठवा, किंवा वाळू धुऊन घ्या. बाटलीत थर समोर दिसत असला की वाळूवाल्याशी वाद फार लांबत नाही.

नदीची वाळू आता दुर्मिळ आणि महाग झाली आहे. बहुतेक ठिकाणी क्रश सँड येते, म्हणजे काळा दगड फोडून केलेली वाळू. तिच्याविरुद्ध गवंड्यांची तक्रार असते की माल हाताला चिकटत नाही, थापीवरून घसरतो. तक्रार अगदी खोटी नाही. कण टोकदार असतात आणि भुकटी जास्त असली तर भेगा येतात. पण 'प्लास्टर सँड' म्हणून वेगळी चाळलेली आणि धुतलेली क्रश सँड मिळते, तिच्यावर काम उत्तम होतं. काँक्रीटसाठी आणलेल्या ढिगातूनच गिलावा उरकणं मात्र बरं नव्हे.

किनारपट्टीवर खाडीच्या वाळूचा मोह होतो. ती टाळावी. तिच्यातलं मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेतं, भिंत उन्हाळ्यातही दमट राहते, रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा फुटतो. मीठ लोखंडालाही खातं. खारं पाणी वापरण्याचा दोषही तोच.

आणखी एक बारकावा. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि कण एकमेकांपासून दूर सरकतात. बारीक वाळूचं आकारमान त्यामुळे २०-३० टक्क्यांनी सहज वाढतं. म्हणजे पावसात भिजलेली वाळू फरम्यानं (मापाच्या पेटीनं) चार भाग मोजली, तर प्रत्यक्षात जेमतेम तीन-सव्वातीन भाग पडते आणि १:४ चा माल नकळत १:३ होतो. उलट घमेल्यानं अंदाजे मोजलं तर काहीही होऊ शकतं. ५० किलोची सिमेंटची गोणी म्हणजे साधारण सव्वा घनफूट, म्हणून सव्वा घनफुटाचा लाकडी किंवा पत्र्याचा फरमा साइटवर ठेवायचा. एक गोणी, चार फरमे वाळू, हिशोब संपला.

शंभर चौरस फुटांना, म्हणजे ज्याला ठेकेदार 'एक ब्रास' म्हणतात तेवढ्या भिंतीला, दोन्ही थर मिळून साधारण दोन गोण्या सिमेंट आणि नऊ घनफूट वाळू लागते. भिंत वाकडी असेल तर जास्त. वाळू मोजतानाही 'ब्रास'च म्हणतात, पण तिथे त्याचा अर्थ शंभर घनफूट. बिल तपासताना हा घोळ लक्षात ठेवा.

भिंत तयार करणं

गिलावा धरतो तो दोन गोष्टींनी: खडबडीत पृष्ठभागात रुतून, आणि भिंतीनं मालातलं थोडं पाणी शोषल्यामुळे. यातलं एकही बिघडलं की बाकी सगळं व्यर्थ.

विटांचं बांधकाम असेल तर दरजा (विटांमधले सांधे) ओल्या असतानाच दहा-बारा मिलिमीटर खोल खरवडून ठेवायच्या. वाळल्यावर छन्नीनं उकरणं म्हणजे मजुरीचा अपव्यय, आणि मग कोणी ते करतही नाही. काँक्रीटचे बीम आणि कॉलम गुळगुळीत असतात, वर शटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) तेल लागलेलं असतं. तिथे टोचे (छन्नीनं पाडलेले छोटे खळगे) पाडावे लागतात, तेही जवळजवळ. हातभर अंतरावर चार टोचे मारून फोटो काढला म्हणजे काम झालं असं नाही. त्यावर सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल फेकून मारायचा, तो खरखरीतच सुकू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी गिलावा धरायचा. हा खरखरीत हात वगळला की बीमवरचा गिलावा हमखास सुटतो.

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात, ती रेघ प्रत्येक इमारतीत फुटू पाहते. उन्हानं दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. सांध्यावर चिकन मेश म्हणजे कोंबडीजाळी लावतात ती यासाठी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा-अर्धा फूट. जाळी भिंतीला अगदी चिकटून ठोकली तर तिच्यामागे माल जात नाही आणि ती नुसती अडकून राहते. ती किंचित उचललेली, ताणलेली हवी. बीमखालची विटांची शेवटची ओळ नीट भरलेली नसेल तर जाळीही काही करू शकत नाही. ती फट आधी भरून घ्यावी, आणि बांधकाम थोडं बसू द्यावं.

मग पाणी. कोरडी वीट मालातलं पाणी घटाघटा पिते, सिमेंटला पक्कं व्हायला पाणी उरत नाही आणि माल भुसभुशीत राहतो. चिंब भिजलेली वीट काहीच शोषत नाही आणि माल घसरतो. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी ती आतून ओली पण वरून चकाकत नसेल अशी हवी. ओंजळभर पाणी मारून बघा: हळूहळू मुरलं तर ठीक, ओघळून गेलं तर थांबा, क्षणात गडप झालं तर अजून भिजवा.

एएसी ब्लॉकचं (हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं) गणित वेगळं आहे. पुण्याकडे या ब्लॉकला अजूनही सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात. तो हलका, सच्छिद्र आणि विटेच्या मानानं मऊ असतो. त्याला नळीनं आंघोळ घालायची नसते, फवारा पुरे. आणि त्यावर १:४ चा माल म्हणजे मऊ भिंतीवर कडक पत्रा. तिथे १:५ किंवा १:६ वापरावा, नाहीतर तयार मिळणारं पॉलिमर मिसळलेलं प्लास्टर. हे गोण्यांत येतं, फक्त पाणी घालायचं. ते महाग आहे, पण प्रमाण चुकण्याचा प्रश्नच संपतो.

हत्यारं आणि हात

गवंड्याची पिशवी पाहिली तर तिच्यात फारसं काही नसतं. माल उचलायला आणि फेकायला थापी. घोटायला लाकडी रंधा. गुळगुळीत करायला लोखंडी गुरमाळा. ओळंबा, गुण्या, सूत, पाण्याची लेव्हल नळी, आणि सहा ते आठ फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी. पूर्वी पट्टी सागाची असे; ती ओली होऊन वाकते आणि भिंतही मग तशीच वाकते. याखेरीज घमेलं, फावडं, चाळण, स्पंज, कुंचा आणि माल कालवायला लोखंडी पत्रा. मातीवर माल कालवला तर फावड्याबरोबर माती येणारच.

काम सुरू होतं ते ओळंब्यापासून. गच्चीवरून सूत सोडून सगळी भिंत कुठे पुढे आहे, कुठे मागे आहे ते पाहतात. मग पाच-सहा फुटांवर मालाचे छोटे ठिय्ये बसवतात, त्यांचे माथे ओळंब्यात एका पातळीत आणतात. दोन ठिय्यांमध्ये मालाचा उभा पट्टा ओढायचा, आणि दोन पट्ट्यांमधली जागा भरून पट्टीनं कापायची. ठिय्ये नीट असले तर बाकीचं काम जवळजवळ आपोआप सरळ येतं. ठिय्ये न मारता "अंदाजानं" ओढलेली भिंत संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आपले सगळे चढउतार दाखवते. भिंत एके ठिकाणी दोन इंच आत असेल तर ती जागा एकाच हातात भरू नये. आधी वेगळा थर, गरज पडल्यास जाळी, मग गिलावा.

माल भिंतीवर थापायचा की फेकायचा? फेकायचा. थापीतून जोरानं फेकलेला माल आदळताना मधली हवा हाकलतो आणि दरजांत शिरतो. गुरमाळ्यानं सारवल्यासारखा लावलेला माल वरवर बसतो. मुरलेल्या गवंड्याच्या मनगटाचा तो झटका आणि "थप्प" असा भरीव आवाज, यावर त्याचं काम ओळखता येतं. मोठ्या इमारतींवर आता पंपानं फवारणारी यंत्रंही तेच करतात, फक्त वेगानं. पण पट्टी आणि रंधा शेवटी माणसाच्याच हातात असतो.

बाहेरची भिंत लाकडी रंध्यानंच घोटावी. गुरमाळा फिरवला की सिमेंट आणि पाणी वर येऊन पातळ, कडक, चकचकीत कातडी तयार होते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती फुटते. सँड फेसमध्ये याच्या नेमकं उलट करतात: रंध्यानं गोल-गोल घोटायचं, माल थोडा ताठरला की ओलसर स्पंज हलकेच टेकवत न्यायचा. वरचं सिमेंट निघून जातं आणि वाळूचे कण उघडे पडतात. वेळ साधणं हीच खरी कला आहे. लवकर केलं तर कण निघून येतात, उशिरा केलं तर स्पंज नुसता फिरतो.

आणखी एक वाईट खोड सांगतो, कारण ती जवळजवळ सगळीकडे आहे. माल ओला राहिला, घोटायला वेळ लागतोय, म्हणून भिंतीवर कोरडं सिमेंट उधळतात. ते पाणी ओढून घेतं, काम लगेच उरकतं, आणि वरच्या मिलिमीटरभरात निव्वळ सिमेंट राहतं. जाळीदार भेगांचं यासारखं खात्रीचं कारण दुसरं नाही. दुसरी खोड म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला माल परतल्यावर पाणी घालून पुन्हा ढवळणं. पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपला पाहिजे. संपला नाही तर तो टाकून द्या; थोडाथोडा कालवणं त्यापेक्षा स्वस्त.

काम वरून खाली करत येतात. दिवसाचं काम भिंतीच्या मध्येच, खिडकीच्या बरोब्बर कोपऱ्यापाशी थांबवू नये, कारण तो जोड कायम दिसतो आणि तिथेच पाणी शिरतं. स्लॅबच्या पातळीवर आडवी खाच काढली असेल तर जोड तिथे लपतो, आणि प्रसरणाची भेगही त्या खाचेतच पडते. उंच इमारतीत ही खाच शोभेची समजून वगळली जाते, ते चूक.

परांचीबद्दल दोन शब्द. एकेरी परांचीचे आडवे बांबू भिंतीतल्या भोकांत खुपसलेले असतात. काम उतरवताना ती भोकं घाईनं विटेचा तुकडा आणि मूठभर माल कोंबून बुजवतात. पावसाळ्यात भिंतीवर ठरावीक अंतरावर ओले गोल डाग दिसतात ते हेच. दुहेरी परांचीला थोडा जास्त खर्च येतो, भिंतीला भोक पडत नाही. शक्य असेल तर तीच लावा.

पाण्याला वाट दाखवणं

गिलावा कितीही चांगला झाला तरी पाणी जिथे साचतं तिथे तो हरतो. म्हणून काही जागांवर माझा जीव अडकलेला असतो. छज्जाच्या खालच्या कडेला खाच किंवा पट्टी हवी, म्हणजे पागोळीचं पाणी तिथेच गळून पडेल, छज्जाच्या पोटावरून भिंतीकडे पळणार नाही. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला बाहेर उतार हवा. आत उतार असलेला कट्टा हा घरात पाणी घेण्याचा रीतसर बंदोबस्त आहे. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे असावा, नाहीतर त्यावरची धूळ पहिल्या सरीबरोबर भिंतीवर काळे ओघळ काढते. छज्जा आणि भिंत भेटतात तो कोपरा माल भरून गोलाकार करायचा, यालाच 'वाटा मारणं' म्हणतात. खिडकीची चौकट आणि गिलावा यांच्यातली फट मालानं न भरता सिलंटनं (लवचिक भरावानं) भरायची, कारण ॲल्युमिनियम आणि माल एकत्र हलत नाहीत.

वॉटरप्रूफिंग कंपाउंडवर लोकांचा फार विश्वास असतो. ते मालातली पाणी शोषण्याची वृत्ती कमी करतं, एवढंच. भेग पडली की कंपाउंड तिथे काही करू शकत नाही. एक किलोऐवजी दोन किलो टाकून फायदा होत नाही. सांगितलेल्यापेक्षा जास्त टाकलं तर ताकद घटते.

पाणी मारणं, आणि कधी करावं

दरसूचीत चौदा दिवस लिहिलेले असतात. प्रत्यक्षात ठेकेदार तीन दिवस सकाळी एकदा नळी फिरवतो. सात दिवसांच्या खाली तर जाऊच नये. बाहेरची भिंत वाऱ्यात आणि उन्हात असते, तासाभरात कोरडी होते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर शक्य तर गोणपाट सोडून ते ओलं ठेवायचं. पाणी मारायची जबाबदारी कोणाची, ती मजुरी कोणाच्या दरात, हे काम सुरू होण्याआधी लिहून घेतलेलं बरं. सगळ्यात जास्त भांडणं याच एका ओळीवरून होतात.

ऊन कोणत्या भिंतीवर कधी येतं ते पाहून काम लावावं: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात पावसाच्या धास्तीनं सगळेच धावतात, गवंडी मिळत नाहीत, पाणी मिळत नाही, आणि उन्हानं माल पट्टी ओढेपर्यंत ताठरतो. अशा घाईत केलेल्या गिलाव्यापेक्षा तो एक पावसाळा पुढे ढकलून भिंतीला ताडपत्री लावलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या भिंती वेगळ्या

वरचा सगळा हिशोब सिमेंटच्या भिंतीचा. जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, दगड-चुन्याचे वाडे यांना तो लागू नाही. या भिंती ओल आत घेतात आणि वाऱ्याबरोबर बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा थर चढवला की बाहेर पडणारी वाट बंद होते, ओल आतच राहते आणि क्षार दगडाचा वरचा थर भुकटी करून टाकतात. काही वर्षांत गिलावा मोठ्या तुकड्यांत सुटतो आणि सोबत दगडही घेऊन येतो. या भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा. तो सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा होतो, आणि थोडी हालचाल सहन करतो. पूर्वी चुना आणि वाळू बैलाच्या घाण्यात दळत, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद असे पदार्थ घालत. प्रत्येक गावाची पद्धत निराळी होती.

गिलावा दगडाला किती जपतो याचं मोठं उदाहरण जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझस बासिलिका १६०५ साली पूर्ण झाली. जांभ्याच्या त्या इमारतीवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, दगड उघडा दिसावा म्हणून तो काढून टाकला गेला. आज पर्यटकांना तिचा लाल-तपकिरी चेहराच खरा वाटतो. पण मऊ, सच्छिद्र जांभा दरवर्षी गोव्याचा पाऊस अंगावर झेलतो आहे आणि झिजतो आहे. पुन्हा गिलावा चढवावा का, यावर तिथे गंभीर वाद आहेत.

जिप्सम प्लास्टर आतल्या भिंतींना छान बसतं, पाणी मारावं लागत नाही. बाहेर ते कधीही नाही. जिप्सम पाण्यात विरघळतं.

तपासणी आणि दुरुस्ती

ताबा घेताना भिंत लाकडी काठीनं किंवा थापीच्या मुठीनं वाजवत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कोणालाही कळतो. पोकळ जागेवर खडूनं गोल करा. पट्टी उभी, आडवी, तिरपी लावून मागून उजेड दिसतो का पाहा. संध्याकाळी बाजूनं टॉर्च मारली तर उंचसखलपणा लपत नाही. शेवटी नळीनं खिडकीच्या कोपऱ्यांवर अर्धा तास पाणी मारा आणि आतून पाहा.

भेगा वाचायला शिकलं की दुरुस्ती सोपी. सगळीकडे पसरलेली बारीक जाळी म्हणजे कडक माल किंवा नंतर पाणी कमी मारलेलं. ती बहुतेक रंगाखाली जाते. बीमखालची सरळ आडवी रेघ म्हणजे सांधा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वर्षागणिक रुंदावणारी भेग गिलाव्याची नव्हे, भिंतीची आहे. तिथे गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

पोकळ तुकडा काढायचा तर कटरनं चौकोनी कापून, कडा आतल्या बाजूला किंचित तिरप्या करून काढायचा. आतली भिंत घासून, भिजवून, लॅटेक्स मिसळलेली सिमेंटची रबडी कुंच्यानं लावायची आणि ती ओलसर असतानाच नवा माल मारायचा. ती वाळली की तीच दोन थरांना वेगळं करते. नवा माल जुन्याच प्रमाणाचा असू द्यावा. इथेही "दुरुस्तीचा म्हणून जरा कडक" हा मोह होतो, आणि पुढच्या वर्षी तुकड्याभोवती चौकोनी भेग दिसते.

रंग लगेच लावू नये. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातला क्षार रंग खातो, म्हणून निदान २८ दिवस जाऊ द्यावेत, आणि भिंत कोरडी झालेली असावी. घाईचा रंग पावसाळ्यानंतर कातड्यासारखा सोलून येतो, मग दोष रंगवाल्याच्या माथी जातो.